तेवीस चुली

"एवढंच?" चक्कीवाल्यानं डब्यात डोकावून विचारलं. "दर खेपेला तर डबा भरून आनतं ना तू."

"बेस्तरवारचं नाई लागत," यमुनाबाई म्हणाली. "त्या दिवशी आमची चूल बंद हाय. निमीचं लगन हाय ना."

निमी माझी धाकटी बहीण. मी यमुनाबाईच्या मागेच उभी होते, लग्नाच्या गव्हाचं पोतं पायाशी ठेवून. तिनं वळून मला पाहिलं, पदर सारखा केला आणि डबा न दळताच काखेत मारून चालू लागली. मी गावात येऊन दोन दिवस झाले होते, तरी 'कवा आली वो चंदा' एवढंही तिनं विचारलं नाही.

मी जागच्या जागी गार पडले. कारण यमुनाबाईची चूल बंद असण्याचं काहीच कारण नव्हतं.

आमच्या गावात लग्नाच्या अक्षता दोन ठिकाणी ठेवतात. उंबऱ्यावर ठेवल्या तर घरटी एक माणूस. आत जाऊन चुलीच्या ओट्यावर ठेवल्या तर ते चूलबंद आवतन. म्हणजे त्या दिवशी त्या घरात विस्तव पेटायचा नाही, तान्ह्या पोरापासून खाटेवरच्या म्हाताऱ्यापर्यंत सगळं घर आपल्या मांडवात जेवणार. तोंडानं कुणी काही बोलत नाही. अक्षता कुठे आहेत ते बघायचं आणि समजून घ्यायचं.

आणि मी सांगून ठेवलं होतं की अक्षता फक्त उंबऱ्यावर. गावात एकशे चाळीस घरं. घरटी एक धरला, पाहुणे धरले, मूर्तिजापूरहून येणारी दीडशे माणसांची वरात धरली, की चारशे पानं होत होती. चारशेएकावं पान वाढायची माझी ऐपत नव्हती. शाळेच्या पतसंस्थेतून मिळेल तेवढं कर्ज मी काढलं होतं आणि आईच्या हातातली शेवटची पाटली मोडली होती. वरातीसमोर पंगतीत पुऱ्या संपल्या, तर ते निमीला जन्मभर ऐकावं लागणार होतं. तिच्या होणाऱ्या सासूची जीभ मी साखरपुड्यात पाहिली होती.

ही गोष्ट पस्तीस वर्षांपूर्वीची. मी तेव्हा अकोल्याजवळच्या एका शाळेत मास्तरीण होते. बाबा जाऊन दहा वर्षं झाली होती आणि घरातला कर्ता पुरुष मीच होते. मास्तरीण झाल्यापासून मी गावातही पुस्तकी बोलायचे, आणि त्याचा मला अभिमान होता. मला वाटायचं, या गावात हिशेबानं चालणारं डोकं एकच आहे आणि ते माझ्या धडावर आहे.

घरी येऊन मी तडक गोदाकाकूला गाठलं. अक्षता वाटायचं काम तिच्याकडे होतं. आई विधवा, तिनं लग्नाची अक्षत हातात घ्यायची नाही असा रिवाज. मला तो पटत नव्हता, पण ऐन लग्नात गावाशी कोण भांडणार? म्हणून चुलतीला पाठवलं होतं.

"काकू, यमुनाबाईकडे अक्षता कुठे ठेवल्या?"

काकू सुपात तांदूळ निवडत होती. "उंबऱ्यावर."

"नक्की?"

"तूच सांगतलं होतं ना उंबऱ्यावर. मंग?"

तिनं वर पाहिलं नाही. तांदळात खडा नव्हता तरी वेचत राहिली. मी वर्गात पंधरा-पंधरा वर्षांची पोरं हाताळत होते, खोटं बोलणारी मान मला कळत होती.

संशय आला तो थेट वासुदेवकाकांवर. काका म्हणजे बाबांचे सख्खे धाकटे भाऊ, गोदाकाकूचा नवरा. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोघा भावांत जे फाटलं ते बाबा मरेपर्यंत शिवलं गेलं नाही. बाबा गेल्यावर तीन वर्षांनी काका आमच्या ओसरीवर येऊन बसायला लागले, पण माझ्या मनातून तो धुरा गेला नव्हता. होळीनंतर लग्नाची बैठक बसली तेव्हा काका म्हणाले होते, "चंदे, घरटी एक मानूस बरं नाई दिसत."

"बरं दिसायला पैसे लागतात, काका."

त्यावर ते गप्प बसले. आईही गप्प होती, पण ती नेहमीच गप्प असायची. काकांचं गप्प बसणं मात्र मी मनात नोंदवून ठेवलं होतं. आता त्याचा अर्थ लागला असं मला वाटलं. आमचं गावापुढे हसं करायचं, भावाचा सूड भावाच्या लेकीच्या मांडवात घ्यायचा.

पण असं किती घरांत झालं होतं? एक की एकशे चाळीस? ते कळायला एक चांगली सबब होती. लग्नाला भांडी गावातूनच गोळा करायची असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही काखेत मारून निघाले आणि प्रत्येक घरात भांडी मागायच्या निमित्तानं थेट स्वयंपाकघरात शिरले. परात द्या, गंज द्या, झारा आहे का. बाई भांडं काढायला वळली की मी चुलीकडे बघायची.

पहिल्या नऊ घरांत काही नव्हतं. दहावं यमुनाबाईचं. चुलीच्या ओट्यावर, सारवलेल्या जागेत, कुंकवात भिजलेले तांदूळ व्यवस्थित ठेवलेले होते. वर उलटी वाटी झाकली होती, उंदरानं नेऊ नये म्हणून. एवढी काळजी बघून माझं डोकं आणखी तापलं.

"या कुणी ठेवल्या, यमुनाबाई?"

"ठेवल्या कोनं तरी."

"गोदाकाकूनं?"

"ते काय इचारतं वो. तुले परात पाहिजे का नाई?"

सगुणाबाईकडे तेच. अंजनाकडे तेच. म्हातारी राधामाय तर ऐकू येत नसल्याचं सोंग करून बसली, आणि ती तीन घरांपलीकडची भांडणं ऐकते हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. कुणीही नाव घेईना. एकीनं मला दारापर्यंत पोचवताना दंडाला हात लावला आणि म्हणाली, "चंदा, जास्त खोलात नको जाऊ." आता एवढं ऐकल्यावर खोलात न जाणारी मी नव्हते.

दोन दिवसांत सगळं गाव पालथं घातलं. वहीत तेवीस घरं निघाली. ती एका आळीतली नव्हती, एका भावकीतली नव्हती. कुणी खाऊनपिऊन सुखी, कुणाचं हातावर पोट. मी रात्री पडल्या पडल्या त्या घरांचा एकमेकांशी काय संबंध ते जुळवू पाहत होते. एवढंच जुळलं की तेवीस घरांत मिळून दीडशेच्या वर माणसं जास्तीची होती, आणि त्यांच्यासाठी माझ्याकडे ना पीठ होतं ना तेल.

मंगळवारी सकाळी मी आचाऱ्याकडे गेले, तर तो म्हणाला, "अजून एक कढई लागीन म्हनते ना वासुदेवभाऊ."

"काका आले होते?"

"आले होते. बैलगाडी घेऊन. गाडीत काय होतं ते नाई पाहिलं मी, ताडपत्री होती वरून."

मी घरी आले तेव्हा आई मागच्या दारी बसून निमीच्या साड्यांच्या घड्या घालत होती. तिला म्हटलं, "आई, काका काही तरी डाव खेळताहेत."

आईच्या हातातली घडी सुटली. "कोनता डाव?"

"कळेल. तू काळजी करू नकोस. मी बघते."

"चंदा," ती म्हणाली, आणि पुढे काही बोलली नाही. मी थांबलेही नाही. आज वाटतं, दोन मिनिटं बसले असते तर ती बोलली असती. मला बसायला वेळ नव्हता.

त्या दुपारी मी जे केलं ते सांगायला अजून जीभ जड होते. मी त्या तेवीसही घरांत पुन्हा गेले. प्रत्येक घरात सरळ चुलीपाशी गेले, ओट्यावरच्या अक्षता उचलल्या, बाहेर आणल्या आणि उंबऱ्यावर ठेवल्या. "चुकून आत ठेवल्या गेल्या," मी म्हणायची. "घरटी एकच माणूस आहे. राग मानू नका." हे मी अगदी गोड आवाजात म्हणत होते, पालकांना पोरगं नापास झाल्याचं सांगताना वापरायचे तोच आवाज. कुणी भांडलं नाही. कुणी शिवी दिली असती तर मला त्यातही काकांची फूस दिसली असती, पण कुणी शिवीही दिली नाही. यमुनाबाईनं ती झाकायची वाटी उचलून फडताळात ठेवली. राधामायला या खेपेला सगळं ऐकू आलं. ती म्हणाली, "बरं बाई. एकच येईन."

सगुणाबाई तेवढी दारातून बाजूला होईना. सत्तरीची, वाळलेली, ताठ. "तू सोता उचलतं का?"

"हो, मावशी."

ती बाजूला झाली. मी उचलल्या.

बुधवारी हळद. निमी पाटावर बसली होती, बायका गाणी म्हणत होत्या, आणि माझं लक्ष काकांवर. ते मांडवातून निघाले की मीही कुठल्या तरी कामानं निघायची. दुपारी ते त्यांच्या गोठ्यामागे गेले. मी मागोमाग. ताडपत्रीखाली चार पोती गहू, दोन तेलाचे डबे, तूरडाळीचं एक पोतं आणि साखर होती.

क्षणात मला सगळा डाव दिसला. दीडशे माणसं जास्तीची येणार, माझं अन्न कमी पडणार, वरातीसमोर आमची मान खाली जाणार. आणि मग वासुदेवराव गाडी जुंपून पोती घेऊन मांडवात येणार. भावाच्या लेकीची अब्रू आपण राखली असं मरेपर्यंत सांगत फिरणार. मला तो डाव इतका पटला की मी जवळजवळ त्यांच्या हुशारीची तारीफ केली असती.

"शोभतं का हो तुम्हाला?" मी म्हटलं.

काका दचकले. "काय?"

"आधी भूक लावायची आणि मग अन्नदाता व्हायचं. बाबा गेले, आता त्यांच्या लेकीवर सूड. मी सगळ्या अक्षता उचलून उंबऱ्यावर ठेवल्यात, काका. तेवीसच्या तेवीस. आता ही पोती तुम्हीच खा."

त्यांचा चेहरा मी विसरलेले नाही. ते रागावले नाहीत. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि खाली पोत्यावर बसले.

"तू उचलल्या?" ते म्हणाले. "अवो माय. काय केलं तू हे."

"का? तुमचा डाव फसला म्हणून?"

"पोते तुह्या मायनं मांगितले. अक्षता तिनं सोता ठेवल्या. तिले जाऊन इचार."

मी आईकडे गेले. तिथल्या बायका माझं तोंड बघून आपोआप उठल्या. आई मागच्या खोलीत एकटी होती, हळदीला विधवेनं पुढं यायचं नाही म्हणून.

"तू अक्षता ठेवल्यास?"

"हाव."

"तू? अगं, तुला तर अक्षतेला हातसुद्धा..."

"म्हनून तर कोनं नाव नाई घेतलं माहं," ती म्हणाली. "गोदा उंबऱ्यावर ठेवून गेली, अन् मी सकायी सकायी जाऊन आत ठेवल्या. रांडमुंड बाईच्या हातची अक्षत, पन एकीनंही नाई म्हटलं नाई. चूल सारवून दिली मले."

"पण का? आणि हीच घरं का?"

तिनं मला समोर बसवलं. मग जे सांगितलं ते सरळ सांगितलं, रडली नाही.

बाबा आषाढात गेले. मी तेव्हा अकोल्याला डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होते. तेरावं झाल्यावर आईनंच मला परत पाठवलं. मी गेले आणि ती खाटेवर पडली. ताप यायचा, पाय उचलेना. निमी दहा वर्षांची. घरात दाणा होता तो महिनाभरात संपला, आणि असता तरी शिजवायला कोण होतं? तेव्हा या तेवीस घरांनी पाळी लावली. एक दिवस एक घर. श्रावणापासून माघापर्यंत, सात महिने, आमची चूल पेटली नाही.

"मी दिवाळीत आले होते," मी म्हटलं. "तू करंज्या केल्या होत्यास."

"चार दिवस उठली मी. तू गेल्यावर पुन्हा पडली."

"मला पत्रात काही लिहिलं नाहीस. निमी लिहायची, इकडे सर्व ठीक."

"मीच सांगत होती तिले तसं लिहाले. तू शाळा सोडून आली असती. अन् मंग सांगाचं राहूनच गेलं."

"आणि होळीनंतर, बैठकीत का बोलली नाहीस?"

"तू म्हनली घरटी एक. तुह्या पैशाचं लगन. मी काय बोलू?"

तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. मी उठले. म्हटलं, आत्ता जाते, परत सगळ्या चुलींवर ठेवून येते.

"राहू दे," आई म्हणाली. "लोकायच्या चुलीवर किती येळा ठेवसीन अन् किती येळा उचलसीन?"

बाहेर आले तर काका ओसरीच्या पायरीवर बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या तेवीसांत माहं घर नव्हतं. धुऱ्याचा राग होता. समोरून पाहत होतो रोज, कोन जाते कोन येते. म्हनून वहिनीनं या खेपेला पोते मांगितले, तं मले बरं वाटलं." मला त्यांच्या पायावर डोकं ठेवायचं होतं. मी फक्त म्हटलं, "सगळं रांधायला सांगा, काका. साडेपाचशेचं." मला वाटलं, येतील. गावची माणसं आहेत, कालची गोष्ट विसरतील आणि येतील.

गुरुवारी बाराचा मुहूर्त होता. मांडव भरला, वरात आली, अक्षता पडल्या, पंगती बसल्या. त्या तेवीस घरांतून बरोबर तेवीस माणसं आली. माझ्या वहीबरहुकूम, एक कमी नाही, एक जास्त नाही. यमुनाबाईकडून नवी सून आली होती, राधामायकडून नातू, सगुणाबाईकडून कुणी तरी पाहुणा, जो मला ओळखतही नव्हता. ज्यांनी आईला जगवलं त्यांतली एकही बाई मांडवात आली नाही. आई मांडवाच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या टाक्यांपाशी उभी राहून रस्त्याकडे बघत होती. दुसरी पंगत उठली, तिसरी उठली, ती तिथेच होती. निमीची सासू जेवून उठताना म्हणाली, "एवढ्या माणसांत काही कमी पडलं नाही हो, व्यवस्था चोख." आयुष्यात एवढं कौतुक मला कधी टोचलं नाही.

चार वाजता निमीची पाठवणी झाली. ती गळ्यात पडून कानाशी एवढंच म्हणाली, "ताई, सगुणामावशी कावून आली नाई?" मी तिला जीपमध्ये बसवलं. जीप धुरळ्यात गेली आणि मांडवात मी, काका आणि दीडशे माणसांचं अन्न उरलो.

"चला," मी काकांना म्हटलं. त्यांनी बुंदीचा गंज आणि पुऱ्यांची टोपली घेतली, मी भाजीचं पातेलं घेतलं. ऊन अजून होतं. सगुणाबाईचं घर सगळ्यांत जवळ. ती दारात बसून लसूण सोलत होती आणि आतून चुलीचा धूर येत होता.

"मावशी, माझं चुकलं," मी म्हटलं. "मला माहीत नव्हतं. जेवण आणलंय."

तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग गंजाकडे, मग पातेल्याकडे.

"हे असं?" ती म्हणाली. "गंजात?"

मला कळलं नाही.

"तुह्या मायले अन् निमीले आमी ताट वाढून नेलं. सात महिने. आमच्या पोरायच्या आंधी. डावीकडं मीठ वाढलं, चटनी वाढली, वरून झाकलं. उरलंसुरलं गंजात घालून नाई नेलं कोनं." तिनं पुन्हा लसूण हातात घेतला. "तिले उरलेलं खाते असं वाटलं नाई पाहिजे, म्हनून."

पातेलं माझ्या हातातच राहिलं. शेवटी काकाच हळू म्हणाले, "चाल, घरी चाल."

घरी येऊन मी आईचं पितळी ताट चिंचेनं घासलं. ओट्यापाशी मांडी घालून बसले आणि वाढायला घेतलं. आधी मीठ, मग चटणी, लिंबाची फोड, भाजी, वरण-भात, पुऱ्या, बुंदी. आई दारात येऊन उभी राहिली होती, तिनं वाकून मीठ थोडं डावीकडे सरकवलं. दुसरं ताट वर झाकून मी दोन्ही हातांत धरलं आणि भर उजेडात, सगळी आळी दारात उभी असताना, सगुणाबाईच्या घरी गेले. उंबऱ्याच्या आत पाय टाकायची मला हिंमत झाली नाही.

तिनं झाकण उचलून पाहिलं. सगळं पाहिलं. मग ताट घेऊन आत गेली. मी बाहेर उभी. आत पाण्याचा आवाज आला, विस्तव विझताना येतो तसा. ती पदराला हात पुसत बाहेर आली.

"दुसरं आन," ती म्हणाली. "घरात सात मानसं हायेत."